बेंटली मोठा विद्वान होता म्हणून त्याची दादागिरी माफ करायची का?

जुनी_पानं: रिचर्ड बेंटली (१६६२-१७४२), इंग्लंडमधला पाद्री आणि ग्रीक-लॅटिनचा पंडित. त्याच्या भांडखोरपणाचं लोक कौतुक करतात ते मला अजिबात पटत नाही. १७०० ला केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा मास्टर, म्हणजे प्रमुख झाला आणि मरेपर्यंत खुर्ची सोडली नाही. राहत्या बंगल्यावर कॉलेजचा पैसा उधळला, फेलोंशी, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-सदस्यांशी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, १७१८ ला विद्यापीठानं डिग्र्या काढून घेतल्या त्या १७२४ ला परत मिळवल्या, १७३४ ला ईलीच्या बिशपनं पदावरून काढायचा निकाल दिला तरी हा तिथेच, कारण निकाल अमलात आणायचा तो व्हाइस-मास्टर ह्याच्याच बाजूचा! पाद्र्याला शोभतं हे?

रानवारा: नाही शोभत. पण फालॅरिसचं प्रकरण बघा ना. सिसिलीच्या त्या जुलमी राजाची म्हणून जी पत्रं मोठमोठे लोक डोक्यावर घेत होते ती बनावट आहेत हे ह्यानं सिद्ध केलं, पत्रांतली काही गावं फालॅरिसनंतर कितीतरी काळानं वसलेली, भाषा अथेन्सकडची, पैशांचा हिशेबसुद्धा तिकडचाच. समोर ऑक्सफर्डची बडी मंडळी आणि हा यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. ट्रिनिटीत खगोलशास्त्रज्ञ रॉजर कोट्ससाठी वेधशाळा, केमिस्ट्रीची लॅब, न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'ची १७१३ ची दुसरी आवृत्ती, सगळ्यामागे हाच. मवाळ माणसाकडून त्या कॉलेजात एवढं झालं नसतं.

जुनी_पानं: वेधशाळा बांधायला फेलोंना पायाखाली तुडवावं लागतं का? त्यांनी हिशेब मागितला तर चुकलं काय?

मीरा_वाचते: मला बेंटलीचं मिल्टनचं प्रकरण जास्त खटकतं. आंधळ्या कवीनं तोंडी सांगितलेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये कुणीतरी मधल्यामधे घुसडाघुसड केली असं धरून बेंटलीनं १७३२ ला शेकडो ठिकाणी बदल सुचवले. अहो, मिल्टन जिवंत असताना १६६७ आणि १६७४ च्या आवृत्त्या निघाल्या होत्या! आपल्याकडे सुकथनकरांनी भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती (हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणारी) करताना हस्तलिखितांना किती मान दिला, स्वतःच्या मनाचं घालायचं शक्य तितकं टाळलं. संपादक असा हवा.

रानवारा: मिल्टनचं चुकलंच. पण अंदाज बांधायच्या त्याच धाडसातून त्यानं ओळखलं की प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ज्या ओळी वृत्तात अडखळतात त्या ग्रीकमधून लोपलेला 'व' धरला की सरळ चालतात, आणि ते आजही मानतात. नुसती हस्तलिखितं चाळून हे सापडलं नसतं, कारण त्यांत तो 'व' नाहीच.

मीरा_वाचते: पण तिथे वृत्ताचा पुरावा होता, ओळीमागून ओळ तेच सांगत होती. मिल्टनच्या वेळी फक्त बेंटलीचा स्वतःचा कान. दोन्ही एका मापात मोजू नका प्लीज.