‘स्पंदन’ की ‘भाता’? तांबड्या राक्षसी ताऱ्यांसाठी शब्द पाहिजे

मी परभणीकडं विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांसाठी रूपविकारी ताऱ्यांवर (ज्यांचा उजेड कमी-जास्त होतो) चार पानं लिहायलेय अन् एकाच शब्दावर गाडी अडली. तांबडे राक्षसी तारे फुगतात, आकसतात, परत फुगतात, त्याला ‘स्पंदन’ म्हणतात. पण स्पंदन म्हटलं की पोरं छातीवर हात ठेवायलेत, अन् तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्याचा एक ठोका सुमारे ३३२ दिवसांचा! एक पोरगी म्हणली, मॅडम लुकलुकणं म्हणा की. पण लुकलुकणं आपल्या हवेमुळं, हे तर ताऱ्याचं स्वतःचं. दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

अंबाजोगाईहून: ताई, भाता म्हणा. आमच्या आजोळी लोहाराकडं दोन भाते होते, लहान भाता पोरगं बी भराभरा हलवायचं, पण मोठ्या भात्याची दोरी पार खाली ओढून परत वर जाऊ द्यावी लागायची, तोवर कोळसा काळवंडायचा अन् मग पुन्हा लाल व्हायचा. ताऱ्याचं तसंच की, जितका मोठा अन् विरळ तितका आवर्तकाल (एका फुगण्या-आकसण्याचा वेळ) लांब, अन् मोठा म्हणजे पृष्ठभाग लई, म्हणून बाहेर पडणारा उजेडही जास्त. आवर्तकाल मोजला की खरं तेज कळतं, त्यावरून अंतर. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट बाईंनी १९१२ला धाकट्या मॅजेलन मेघातल्या (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या) २५ ताऱ्यांवर हाच धागा दाखवला, ते सेफिड नावाच्या दुसऱ्या जातीचे रूपविकारी तारे होते, तांबडे राक्षसी तारे वेगळे, पण धागा तोच.

लातूरहून: भाता आवडला, पण भात्याला ओढणारा लागतो ना भाऊ, ताऱ्याला कोण ओढायलंय? तो आपला आपण हलतो, हृदयासारखा, म्हणून स्पंदन टाकू नका. अन् ताई, ‘तेज’ शब्द जपून वापरा. मीरा डोळ्यांना दिसते अन् मग काही महिने गायबच होते, पण तिची एकूण ऊर्जा तेवढी घटत नसते, थंडाव्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू बनतात अन् ते दिसणारा उजेड गिळतात. म्हणून आवर्तकाल अन् तेजाचा हा संबंध मांडताना अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांतल्या उजेडाची सरासरी घेतात. एकूण तेजाला दीप्ती म्हणा, दिसणाऱ्याला प्रत.

अजून एक, ‘एक तारा एक आवर्तकाल’ असं पोरांना लिहून देऊ नका. खगोलशास्त्रज्ञ पीटर वुड यांनी १९९९ मध्ये थोरल्या मॅजेलन मेघातले तांबडे तारे आवर्तकाल अन् तेजाच्या आलेखावर मांडले तर एक रेष नाही, शेजारी शेजारी अनेक रेषा निघाल्या. मीरासारख्यांची वेगळी, छोट्या हालचालींवाल्यांच्या वेगळ्या. काही ताऱ्यांना तर एकाच वेळी दोन दोन आवर्तकाल. सगळे मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणूनच तुलना जमली.

परभणीहून: पटलं. मथळ्यात स्पंदन ठेवते, पहिल्या परिच्छेदात भाता, अन् ओढणाऱ्याचा प्रश्न पोरांनाच विचारते. जिथं नुसतं तेज होतं तिथं दीप्ती केलं. भाऊ, आजोळी त्या मोठ्या भात्याचा फोटो असला तर पाठवा, दोरी धरलेला हात दिसला पाहिजे.