सिझरमध्ये गर्भाशय शिवताना एक थर की दोन? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शिकताना आम्हाला दोन थर शिकवले होते. इथे मात्र एकाच थराची पद्धत आहे: एक नंबर व्हिक्रिल (विरघळणारा धागा), सलग टाके, लॉक करून, म्हणजे प्रत्येक टाका आधीच्या फासात अडकवून. रक्त लवकर थांबतं आणि पाच-सात मिनिटं वाचतात. भूल देणारे डॉक्टर एकच असले की तेवढीही मोलाची असतात.

वाचलं ते असं. कॅनडातल्या २००२ च्या अभ्यासात आधी सिझर झालेल्या आणि पुढे नॉर्मलचा प्रयत्न केलेल्या बायकांमध्ये गर्भाशय फाटण्याचं प्रमाण एक थर असताना ३.१ टक्के, दोन थर असताना ०.५ टक्के होतं. मग सिझरच्या पद्धतींची तुलना करणारी कोरोनिस चाचणी आली. भारतासह सात देश, जवळपास सोळा हजार बायका. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात एक आणि दोन थरांत फरक दिसला नाही. पण गर्भाशय फाटल्याच्या घटनाच त्यात मोजक्या होत्या, त्यामुळे माझं समाधान होत नाही. एका थरापेक्षा लॉकिंगच जास्त घातक असावं, असं मला वाटू लागलंय. टाका आवळला की कडेचा रक्तपुरवठा तुटतो.

आणि आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. आधीचं सिझर असलेल्या बाईला कळा गावातच सुरू होतात, आणि आम्ही ठरवायच्या आधीच तिचा नॉर्मलचा प्रयत्न सुरू झालेला असतो. व्रण जाड भरलेला असावा ही माझी तळमळ त्यासाठी आहे.

म्हणून दोन थर, लॉक न करता, असं सुरू करायचा विचार आहे. अडचण लांबलेल्या कळांच्या केसमध्ये येते. चिरेची वरची कड जाड, खालची सुजून कागदासारखी पातळ. पहिला थर कसाबसा बसतो, दुसऱ्या वेळी सुई घातली की स्नायू चिरत जातो. अशा वेळी तुम्ही काय करता? दुसरा थर सोडून देता, की मूत्राशय आणखी खाली सारून जागा करता? लॉक न करता कोपऱ्यातून रक्त झिरपत राहिलं तर तिथेच वेगळा आठाच्या आकड्यासारखा टाका घेता का?

आणखी एक. परवा एक ताई विचारत होत्या, "डाक्टरबाई, यावेळी नार्मल होईन का?" त्यांच्या कार्डावर फक्त 'एलएससीएस' (गर्भाशयाच्या खालच्या भागात चीर घेऊन केलेलं सिझर) लिहिलेलं. किती थर, लॉक होतं की नाही, चीर खाली फाटली होती का, काहीच नाही. तुम्ही डिस्चार्ज कार्डावर हे लिहून देता का? लिहीत असाल तर कोणत्या शब्दांत, नमुना टाकाल का?