धागा: तुमच्याकडच्या ढाब्यावरची भाजी कधी आणि कशी बदलली?

मागच्या रविवारी अण्णांना घेऊन बीड रोडच्या एका ढाब्यावर शेवभाजी खायला गेलो होतो. लालभडक, गोडसर रस्सा आला. वर क्रीमची रेघ आणि शेवेचा पार लगदा झालेला. अण्णांनी एक घास खाल्ला आणि भाकर खाली ठेवली. "ही पनीरची भाजी आहे, पनीर काढून शेव टाकलीय," म्हणाले. त्यांचा सगळा जन्म ट्रकवर गेला. धुळे-सोलापूर रस्त्यावरचा एकेक ढाबा त्यांना तोंडपाठ. शेवभाजीचा रस्सा काळा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

कार्डावर नाव तेच राहतं आणि भाजी बदलत जाते. ती का बदलते, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. म्हणून हा धागा. पूर्वीचं सगळं चांगलं होतं एवढंच लिहून थांबू नका. रश्श्यात काय पडायचं, आता काय पडतं, ते लिहा. कारण माहीत असेल तर तेही.

कन्नडहून

शेवभाजी मुळात खानदेशची, म्हणजे आमच्या घाटाखालची. इकडं ती चाळीसगावकडून ट्रकवाल्यांबरोबर वर आली, असं जुनी माणसं सांगतात. माझ्या काकांचा रस्त्यावर ढाबा होता. कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट निखाऱ्यावर काळी होईस्तोवर भाजायचे, लसूण-आलं घालून पाट्यावर वाटायचे, वरून काळा मसाला. टोमॅटो नाहीच. शेव जाड, तिखट, ओवा-लसणाची, आणि ती पातेल्यात कधीच टाकायची नाही. रस्सा वाढला की वरून मूठभर. पार्सल असलं तर शेव वेगळ्या पुडीत. तुमच्या अण्णांच्या ताटलीत लगदा झाला, म्हणजे शेव बारीक असणार आणि आधीच पडली असणार. गेवराईकडं जावं तसा याच रश्श्यात शेंगदाण्याचा कूट वाढत जातो, हे मी स्वतः खाऊन सांगतो.

जालन्याहून, 22 वर्षं भट्टीवर

लाल रस्सा कुठून आला ते मी सांगतो, कारण तो मीच करत होतो.

सकाळी अकराच्या आत तीन पातेली तयार लागतात: लाल, पिवळी, पांढरी. लाल टोमॅटोची, पिवळी परतलेल्या कांद्याची, पांढरी उकडलेला कांदा, काजू आणि मगज (खरबुजा-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) वाटून केलेली. मग दिवसभर पळीचा हिशोब. दोन पळ्या लाल, एक पांढरी, बटर आणि कसुरी मेथी, की झालं पनीर बटर मसाला. दोन पिवळ्या, एक लाल, जाडसर कुटलेले धने-मिरची आणि ढोबळी मिरची घातली की कढाई. त्यातच कांदा-लसूण मसाला घालून वर तळलेली सुकी मिरची ठेवली की व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूरला माझी सासुरवाडी आहे, तिथल्या घरात मी ही भाजी एकदाही पाहिली नाही.

ऐंशी नावांचं कार्ड या तीन पातेल्यांतून निघतं. गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत भाजी पाहिजे असेल तर दुसरा मार्ग नाही. काळ्या वाटणाला निखारा लागतो आणि वाटणारा माणूस लागतो. आमच्याकडं गॅसची भट्टी आली आणि निखारा गेला, त्याच वर्षी आमची शेवभाजी लाल झाली.

पातेल्यातलंही कायम राहत नाही. काजू महागला की काजूचा तुकडा, मग नुसता मगज, मग शेंगदाणा. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा मी लाल भोपळा उकडून घातला, रंगाला बेडगी मिरची आणि आंबटपणाला दही. चव पूर्ण जुळली नाही, हे मला कबूल आहे. टोमॅटो उतरल्यावर भोपळा बंद करायला पाहिजे होता. मालकानं महिनाभर तसाच चालू ठेवला.

आणि ही लाल ग्रेव्ही आपली नव्हेच. ती दिल्लीच्या बटर चिकनची. ते दर्यागंजच्या मोती महलमुळं प्रसिद्ध झालं. पहिल्यांदा कुणी केलं, यावरून दोन घराण्यांचं भांडण 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

परभणीहून

जालन्याच्या वस्तादांचं पटलं, पण एक बाजू राहिली. मी लहान असताना ढाब्यावर बायामाणसं जातच नव्हती. काळा रस्सा, तर्री, ठसका हे सगळं पुरुषांसाठी होतं. आमच्या आईनं हॉटेलातली भाजी पहिल्यांदा खाल्ली ती 2003 साली, स्टेशन रोडच्या 'फॅमिली रूम'मध्ये, पनीर बटर मसाला. सोबत लहान लेकरं होती, म्हणून वेटरनंच "गोड करू का?" विचारलं. आईला ती भाजी लई आवडली. रोज चुलीपुढं तिखट कालवण करणाऱ्या बाईला कुणीतरी आयतं गोडसर वाढलं, त्या चवीला मी बिघडलेली म्हणणार नाही. भाजी गोड झाली कारण टेबलावर आम्ही येऊन बसलो.

नांदेडहून

गुरुद्वाऱ्याच्या भागात एकाच हॉटेलात शेजारच्या टेबलावर पंजाबातून आलेली मंडळी आणि इकडं आम्ही. दोघांनीही कढाई पनीर मागवलं. त्यांची कोरडी, आल्याची, कांदा-टोमॅटो दिसणारी. आमची पातळ आणि गोड. वेटरला विचारलं तर म्हणाला, "ते सचखंड एक्स्प्रेसनं आलेत, तुम्ही इकडचे. मास्टरला माहीत असतं." तेव्हापासून मी 'त्यांच्यासारखी' असं सांगून मागवतो.

छत्रपती संभाजीनगर, शहागंजाजवळून

आमच्या नान खलियाबद्दल, म्हणजे नानसोबतच्या मटणाच्या रश्श्याबद्दल, सांगतात की तो तुघलकाच्या फौजेबरोबर आला, 1327 ला दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली तेव्हा. गोष्ट मलाही प्रिय आहे. पण मिरची हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी. आज खलियावर लाल तर्री नसेल तर लोक डेग बघूनच परत जातील. फौजेनं खाल्लेला खलिया मिऱ्याचा असणार. माझे आजोबा तर्री बाजूला सारून खालच्या पिवळसर रश्श्यात नान बुडवायचे. आता पोरं "तर्री जादा" म्हणून वाटी पुढं करतात.

लातूरहून

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा मी क्लाससाठी मेसवर होतो. मावशींनी रस्साभाज्या बंद केल्या, कारण भांडी घासायला पाणी नव्हतं. पत्रावळ आली आणि रोज येसर आमटी. भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाला यांचं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झालं. एकच पातेलं. आम्ही पोरं कंटाळायचो. आता औसा रोडला तीच आमटी 'गावरान थाळी'त मातीच्या वाटीत देतात आणि मी पैसे मोजून खातो. फक्त वर तेलाचा तवंग आलाय. मावशींच्या आमटीत तो कधी नव्हता.

धागाकर्ता

सगळ्यांचं अण्णांना वाचून दाखवलं. काल परत त्याच ढाब्यावर गेलो. वस्तादाला विचारलं, काळ्यात करता येईल का? म्हणाला, तंदूर पेटलेला आहे, कांदा त्यातच भाजतो, पण अर्धा तास लागेल. अण्णा थेट आत जाऊन तंदूरपाशी स्टूल टाकून बसले. शेव आम्ही घरून नेली होती, जाड, पुडीत. रस्सा काळा आला. अण्णा दोन भाकरी जेवले. "खोबरं जरा कमी भाजलं," म्हणाले, "आणि मिठाला अंमळ जास्त. पुढच्या रविवारी लवकर निघू."