कॉम्प्रेशनचे कपडे: पळताना, पळून झाल्यावर, की कधीच नाही?

घाटवाट:
आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये यंदा पाच नवे चेहरे आलेत. सलग दहा किलोमीटर अजून कोणी पळालेलं नाही, पण पोटरीवर स्लीव्ह, म्हणजे स्नायू घट्ट दाबून धरणारी बाही, पाचही जणांच्या. त्यातल्या एकीच्या बुटाची टाच एका बाजूने पार झिजलीय. बूट तेच ठेवून पैसे स्लीव्हला घातले. फार वाईट वाटलं मला.
या कपड्यांनी वेग वाढत नाही. 2017 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात 20 धावपटूंना ट्रेडमिलवर अर्धा तास पळवलं, एक दिवस टाइट्स घालून, एक दिवस त्यांच्याविना. टाइट्समुळे स्नायूंची थरथर कमी झाली, थकवा मात्र तेवढाच. खर्च नायकेनेच दिला होता, तरी निकाल हा.

उतारावरची:
वेगाचं मान्य. पण पळून झाल्यावरचं काय? साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना मांडीला प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, खरा ठणका तिथून येतो. पहिल्या वर्षी दुसऱ्या दिवशी मी कठडा धरून जिना उलटा उतरले होते. पुढच्या वर्षी आंघोळ करून टाइट्स चढवल्या आणि त्यातच झोपले. सोमवारी ऑफिसचे तीन मजले सरळ उतरले! 2014 मध्ये 12 अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही दुखणं कमी आणि ताकद लवकर परत, असंच दिसलं होतं.

घाटवाट:
2022 मध्ये 19 प्रयोग तपासले, त्यात ताकदीला काही फायदा दिसला नाही, हेही सांगा. आणि दुसऱ्या वर्षी तुमचा उताराचा सराव जास्त नव्हता का? शिवाय औषधाच्या प्रयोगात तुलनेसाठी काही जणांना न कळता साखरेची गोळी औषध म्हणून देता येते, पण कपडा घट्ट आहे हे घालणाऱ्याला कळतंच. मग दुखणं नक्की कशाने कमी झालं, ठरवायचं कसं?

उतारावरची:
सराव जास्त होता, हो. पण मला दुखलं कमी आणि बुधवारी मी परत मैदानावर होते. हा फायदा मी सोडणार नाही.

पायांची डॉक्टर (फिजिओ):
दोघांनीही मापाचा विषय काढला नाही. दवाखान्यातल्या मोज्यांचा दाब घोट्यापाशी सगळ्यात जास्त असतो आणि वर कमी होत जातो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला. खेळाच्या दुकानात लोक नुसतं ‘मीडियम’ मागतात. पोटरीचा घेर टेपने मोजा हो! परवा एक जण रात्रभर स्लीव्ह घालून झोपून आला. घोट्याच्या वर लालभडक वळ आणि खालचं पाऊल सुजलेलं. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल किंवा पायाकडचा रक्तपुरवठा कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घालूच नका.

नवखी:
मी तुमच्या ग्रुपमधली नाही, पण तशीच नवीन. मी टाइट्स घेतल्या त्या मांड्या घासून सोलवटतात म्हणून. तीन रविवार त्या जळजळीमुळेच घरी बसले होते. वेगाचा विचारही नव्हता, त्यामुळे मी त्या घालणारच.
बुटांचं वाचून मात्र उठले आणि दोन्ही उलटे करून पाहिले. डाव्याची टाच बाहेरच्या बाजूने सपाट झालीय.