मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? अर्जंट

खानापूर_डिप्लोमा: प्रोग्राम सारखा ‘मूळ आहे’ म्हणतोय, सर नाही म्हणायलेत. उद्या लॅबमध्ये दाखवायचंय. कुणीतरी लवकर सांगा की.

टिळकवाडीकर: भाषा कुठली? आकडा कशात साठवलाय? कोड टाका आधी.

मलप्रभाकाठ: कोड कशाला? अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने जात नाही. शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ सुटले. ११ ची कसोटीही लागत नाही. मूळच असणार.

निपाणीचा मास्तर: चार कसोट्यांवर एवढ्या मोठ्या संख्येचा निकाल लावू नका हो. ही २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या तिच्या आधीच्या पाचही मूळ, म्हणून फर्मा या गणितज्ञाला हीसुद्धा मूळच वाटली. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञानं ६४१ हा विभाजक काढला. हिच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच सापडतो!
कागदावर करून बघा. ६५५३६ म्हणजे २ चा १६ वा घात, त्याचा वर्ग केला की २ चा ३२ वा घात. ६५५३६ ला ६४१ ने भागा, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्याला परत ६४१ ने भागा, बाकी ६४०. त्यात १ मिळवा, ६४१ झाले, म्हणजे निःशेष भाग जातो. झालं!

टिळकवाडीकर: मास्तर, पोराचा प्रोग्राम अडकलाय, तुम्ही ऑयलर सांगताय.

निपाणीचा मास्तर: ६४१ च का, हे विचारलं तर प्रोग्राम सांगणार आहे का?

घटप्रभा७: त्यापेक्षा देवळालीच्या कापरेकरांचा ६१७४ दाखव. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढता क्रम वजा करत राहायचं. जास्तीत जास्त सात वेळा, ६१७४ येतोच. सर खूश होतील.

खानापूर_डिप्लोमा: ६१७४ नकोय मला! सी आहे. एन हा व्हेरिएबल इंट प्रकारचा, आकडा कोडमध्येच लिहिलाय. वॉर्निंग येते एक, पण चालतंय.

टिळकवाडीकर: ती वॉर्निंग आधी सांगायची की! इंट ३२ बिटांचा. त्यात ही संख्या मावत नाही, वरचं बिट गळतं आणि एन मध्ये नुसता १ उरतो. लूप सुरूच होत नाही, म्हणून ‘मूळ’. एन आणि लूपमधला आय दोन्ही लाँग लाँग (६४ बिटांचे) करा, छापतानाचा फॉरमॅटही बदला.

खानापूर_डिप्लोमा: आलं! ६४१ आणि ६७००४१७. दुसरा मूळ आहे का पण?

निपाणीचा मास्तर: आहे. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढं. तोही याच संख्येचा विभाजक, म्हणून त्याच्या मूळ अवयवांनाही ६४ चा नियम लागू. ६४१ पासून २५८८ पर्यंत बाकी १ वाल्या तेवढ्या तपासा, एकानंही जात नाही. हे वहीत लिहून न्या.

मलप्रभाकाठ: पी.यू. सेकंडला (बारावीला) हा ६४ चा नियम असतो का?