तातडीची मदत हवी: रायझन ५ साठी मदरबोर्ड कुठला घ्यावा?

संकेश्वर_डीटीपी
नमस्कार. एएमडीच्या रायझन ५ प्रोसेसरसाठी चांगला मदरबोर्ड सांगा. बजेट कमी आहे. दुकानदार एक सांगतोय, यूट्यूबवर दुसरंच सांगतात. रविवारी बेळगावला जाणार आहे, तेव्हा घेऊनच यायचा आहे. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची कामं सुरू होतात, मग मान वर करायला सवड नसते. नेमकं नाव सांगा, लांबण नको.

निपाणी_गेमर
बी५५० जातीचा बोर्ड. विचार करू नका, घेऊन टाका.

टिळकवाडी_आरपीएम
रायझन ५ म्हणजे कुठला? २०१७ चा १६०० पण रायझन ५ आणि २०२४ चा ९६००एक्स पण रायझन ५च. पहिला एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), दुसरा एएम५ चा. प्रोसेसरवर कोरलेला पूर्ण नंबर टाका. ५५०० आहे, ५६०० आहे की ५६००जी? शेवटच्या ‘जी’ने सगळं बदलतं. ‘जी’ नसेल तर बोर्डाला एचडीएमआय असूनही स्क्रीनवर काही दिसणार नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल.

हिंदवाडी_कोड
एएम४ आता घेऊच नका. आहे तो प्रोसेसर विका आणि एएम५ वर जा. ते सॉकेट २०२७ पर्यंत तरी चालवणार असं एएमडीनेच सांगितलंय. डीडीआर५ रॅम, नवीन बोर्ड, पुढे नुसता प्रोसेसर बदलला की झालं.

संकेश्वर_डीटीपी
५६००जी आहे. धाकटा भाऊ बेंगळूरला असतो, त्याने एस. पी. रोडवरून आणून दिलाय. विकायचा प्रश्नच नाही. जुन्या कॉम्प्युटरचं रॅम, एसएमपीएस (वीज देणारा डबा), कॅबिनेट, हार्ड डिस्क सगळं वापरणार आहे. फक्त बोर्ड पाहिजे. बेळगावच्या दुकानदाराने बी४५० सांगितलाय, स्वस्तात देतो म्हणतोय. घेऊ काय?

टिळकवाडी_आरपीएम
जुना कॉम्प्युटर कुठला? आणि तो बदलायचं कारण काय?

संकेश्वर_डीटीपी
इंटेल आय३, चौथी पिढी. रॅम ४ अधिक ४ जीबी. चालायला चांगला आहे, पण विंडोज ११ घेत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲप, ईमेल कुठूनही फाइल आणतंय, त्यामुळे भीती वाटते.

कोल्हापूर_मामा
मग हा सगळा खटाटोप कशाला करालाय? राजारामपुरीत या. ऑफिसातून निघालेले आठव्या पिढीचे आय५ मिळतात, विंडोज ११ अधिकृतपणे घेतात, कॅबिनेट-एसएमपीएससकट. सुट्टे भाग जोडण्यापेक्षा स्वस्त पडतंय. मी आमच्या भाच्याला तसाच घेऊन दिला, दहावीपासून वापरतोय.

टिळकवाडी_आरपीएम
मामा, प्रोसेसर त्यांच्या हातात आहे, तो टाकून दुसरं मशीन का घेतील? शिवाय तसल्या मशीनचा बोर्ड आणि एसएमपीएस त्या त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. उद्या एसएमपीएस गेला तर संकेश्वरात तसा मिळणार नाही.

डीटीपी दादा, आता तुमच्याकडे वळतो.

चौथ्या पिढीच्या आय३ चं रॅम डीडीआर३ असतं. एएम४ बोर्डाला डीडीआर४ लागतं. खाचेची जागाच वेगळी, जोर लावून बसवायला जाऊ नका. म्हणजे ‘फक्त बोर्ड’ होत नाही, रॅम पण घ्यावं लागेल, आणि सध्या रॅमचे भाव चढलेत. बजेट ठरवताना बोर्डाआधी रॅमचे पैसे बाजूला काढा.

५६००जी म्हणजे सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच. त्याच्यासाठी बाजारात मुख्यतः तीन चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरून बोर्डाची जात ठरते) दिसतील: बी४५०, ए५२०, बी५५०.

बी४५० हा २०१८ चा. ५६००जी त्यावर चालतो, पण बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) नवीन असेल तरच. माल दुकानात पडून राहिलेला असला आणि बायोस जुनं असलं तर प्रोसेसर ओळखलाच जाणार नाही, स्क्रीन काळी राहील. मग बायोस बदलायला जुना रायझन कुणाकडून तरी मागून आणायचा. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशचं बटण असतं, त्यात प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येतं, पण स्वस्त बी४५० ला ते बहुधा नसतं. दुकानदार स्वतः अपडेट करून, तुमचा प्रोसेसर लावून दाखवणार असेल तरच विचार करा.

निपाणीवाले बी५५० म्हणतात त्यामागचं मोठं कारण पीसीआयई ४.०, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायचा जास्त वेगाचा मार्ग. पण ५६००जीमध्येच पीसीआयई ३.० आहे. बोर्ड कितीही चांगला घेतला तरी मिळणार ३.०च. ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, तुम्ही करणार नाही. तेव्हा ए५२० पुरतो. वाचलेल्या पैशात रॅमच्या ८ जीबीच्या दोन काड्या घ्या, ३२०० वेगाच्या, एकाच जोडीतल्या. १६ ची एक काडी नको. आतलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं आणि एकाच काडीवर त्याला निम्मीच रुंदी मिळते. या प्रोसेसरला ती जोडी बोर्डापेक्षा जास्त उपयोगी आहे.

निपाणी_गेमर
मान्य नाही. ए५२० च्या स्वस्त बोर्डांवर वीज पुरवणाऱ्या भागाला, म्हणजे व्हीआरएमला, पत्र्याचा साधा हीटसिंक पण नसतो. आमच्या मित्राने तसल्याच बोर्डावर आठ कोरवाला प्रोसेसर टाकला. एप्रिलमध्ये निपाणीत दुपारी रेंडर लावला की वेग खाली यायचा. बहुतेक बी५५० ना चार रॅम स्लॉट, दोन एम.२ स्लॉट (एसएसडीसाठी), आणि पुढे ५८००एक्स किंवा ग्राफिक्स कार्ड टाकायला मोकळीक. धंद्याचं मशीन आहे, पाच-सात वर्षं काढायची आहेत. थोड्या पैशासाठी हात आखडू नये.

टिळकवाडी_आरपीएम
मित्राच्या बोर्डावर आठ कोर होते. इथं ६५ वॅटचा सहा कोरवाला आहे आणि त्यावर कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालणार, रेंडर नाही. ज्याला पुढे मोठा प्रोसेसर टाकायचाच आहे त्याने बी५५० घ्यावा, तिथं तुमचं बरोबर. पण बजेट कमी आहे हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय.

निपाणी_गेमर
बजेट किती ते कुठं लिहिलंय?

हुक्केरी_वायरमन
सगळे बोर्डावर भांडालाय, एसएमपीएसचं कोणच बोलत नाही. चौथ्या पिढीच्या काळातला एसएमपीएस म्हणजे दहा वर्षं झाली. तो नव्या बोर्डाला लावू नका. आतले कपॅसिटर फुगलेले असू शकतात, बाहेरून कळत नाही. आणि दुकानात आधी अर्थिंग तपासून घ्या. आमच्या भागात पावसाळ्यात लाईट गेली-आली की व्होल्टेज किती वर जाईल सांगता येत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. यूपीएस जुना असेल तर त्याचंही बघा, बऱ्याच नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि चौकोनी लहरीच्या यूपीएसवर काही एसएमपीएस नीट टिकत नाहीत, लाईट जाताच मशीन बंद पडतं.

संकेश्वर_डीटीपी
अर्थिंग चांगलं आहे. मी मदरबोर्ड विचारलाय. बजेट बोर्ड आणि रॅम मिळून पंधरा हजार धरा, त्यावर जमणार नाही. आणि बोर्डाला पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचा रुंद पोर्ट) पाहिजे. नव्या बोर्डाला तो असतोच ना?

टिळकवाडी_आरपीएम
पॅरलल पोर्ट कशाला? प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आहे काय? असेल तर यूएसबी ते पॅरलल केबलवर चालेल.

संकेश्वर_डीटीपी
प्रिंटर नाही. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (किल्लीसारखा तुकडा, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) पॅरलल पोर्टला लागतंय. वडिलांनी घेतलेलं आहे. पत्रिकांचे सगळे नमुने, मंगलाष्टका, गणपतीची चित्रं, बॉर्डर, सगळं त्याच फॉन्टमध्ये आहे. ते चाललं नाही तर नवीन कॉम्प्युटरचा काय उपयोग?

शहापूर_प्रेस
हे पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं दादा, कारण इथं बोर्डाचा प्रश्नच उरत नाही. आमची छपाईच आहे, याच डोंगलपायी मी भरपूर डोकं लावलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

यूएसबी ते पॅरलल केबलवर डोंगल चालत नाही. ती केबल प्रिंटरसाठी असते, डोंगलला खरा पोर्ट लागतो. काही बोर्डांवर आत ‘एलपीटी’ असं लिहिलेला पिनांचा ठोकळा असतो, त्याला पट्टी लावून मागे पोर्ट काढता येतो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघितलं तर कळतं. पीसीआयईचं पॅरलल कार्ड पण मिळतं. तेव्हा पोर्ट मिळवणं अवघड नाही.

खरी अडचण पुढे आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही. वडिलांच्या काळातल्या डोंगलचा ड्रायव्हर बहुधा ३२ बिटचाच असणार. तसं असेल तर पोर्ट असला, डोंगल लावलं, तरी सॉफ्टवेअर डोंगल सापडत नाही असंच म्हणणार. बी४५० घ्या नाहीतर सगळ्यात महाग बोर्ड घ्या, यात फरक पडत नाही.

तेव्हा जुनं मशीन मोडू नका. त्याचं रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस काढायचं नाही. ते आहे तसं डोंगलसकट ठेवा, फक्त इंटरनेटची वायर काढा, आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्याला लावायचा नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर तिथं जुळवा, अक्षरांचं कर्व्ह (म्हणजे अक्षराचं रेषाचित्र) करून फाइल करा आणि आपल्याच एका ठेवणीतल्या पेन ड्राइव्हने नव्या मशीनवर आणा. कर्व्ह केलं की फॉन्ट लागत नाही. नव्या मशीनवर कोरल, फ्लेक्सची कामं, ईमेल. नवे नमुने युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) करत चला, हळूहळू जुन्यावरचं काम कमी होतं. वडिलांनी जमवलेलं ते काम मोलाचं आहे, त्या हार्ड डिस्कची आजच एक पूर्ण प्रत काढून ठेवा. बोर्ड रविवारी नाही मिळाला तरी पुढच्या रविवारी मिळेल.

चिकोडी_मास्तर
युनिकोडचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. मराठीचा क ज्या बटणावर, कन्नडचा क त्याच बटणावर. दोन्ही लिप्यांना मांडणी एकच, फक्त भाषा बदलायची. आपल्या भागात रोज दोन्ही टाइप करावं लागतं, त्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. शाळेत मुलांना तेच शिकवतो. विंडोजमध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट आधीच असतो, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहे.

संकेश्वर_डीटीपी
मास्तर, पत्रिकेला निर्मला फॉन्ट चालत नाही, गिऱ्हाइकाला वळणदार अक्षर लागतं. पण इनस्क्रिप्टचं बघतो. पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम २०२४ मध्ये झाल्यापासून कन्नड फ्लेक्सची कामं माझ्याकडे जास्त येतात, आणि ते मी अजून नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर वेगळ्या कीबोर्डने करतोय. हात सारखा गोंधळतो.

कोल्हापूर_मामा
मग दोन मशीन ठेवायचीच आहेत तर मी म्हणालो तेच बरं नव्हं काय? जुनं राहू दे आणि दुसरं तयार मशीन घ्या.

टिळकवाडी_आरपीएम
आता तुमच्या म्हणण्याला वजन आलंय मामा, कारण कॅबिनेट आणि एसएमपीएस आता नवीन घ्यावं लागणार. तरी ५६००जी हातात आहे आणि कोरलला तो आठव्या पिढीच्या आय५ पेक्षा चपळ आहे. मी त्यावरच जुळवायला सांगेन.

दादा, स्क्रीन किती आहेत आणि केबल कुठल्या?

संकेश्वर_डीटीपी
दोन. एक जुनी, निळ्या तोंडाच्या केबलची. एक नवी एचडीएमआयची. दोन्ही एकदम लागतात, एकीवर काम आणि दुसरी गिऱ्हाइकाकडे वळवलेली.

टिळकवाडी_आरपीएम
निळ्या तोंडाची म्हणजे व्हीजीए. मग मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असलेला बोर्ड बघा. असूसचा प्राइम ए५२०एम-के: दोन रॅम स्लॉट, व्हीजीए, एचडीएमआय. तुमचं काम त्यात भागतं. नाही मिळाला आणि थोडे पैसे वाढवता आले तर एमएसआयचा बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय: चार स्लॉट, व्हीजीए पण आहे आणि बायोस फ्लॅशचं बटण पण. निपाणीवाल्यांचं पण ऐकल्यासारखं होईल. गिगाबाइटचा बी५५०एम डीएस३एच चांगला आहे, पण त्याला व्हीजीए नाही, म्हणून तुम्हाला नको. डब्यावर रायझन ५००० साठी तयार असल्याचं स्टिकर आहे का तेवढं बघून घ्या.

निपाणी_गेमर
तो एमएसआयचाच घ्या. माझ्या मते दुसरा पर्यायच नाही.

संकेश्वर_डीटीपी
ठरलं. ए५२०एम-के, ८ च्या दोन काड्या, साधं कॅबिनेट, नवीन एसएमपीएस, आणि जमलं तर लहान एसएसडी. जुनं मशीन डोंगलसकट तसंच ठेवतो. सगळ्यांचे आभार, शहापूरच्या सरांचे विशेष. प्रोसेसर पिशवीत घालूनच बेळगावला नेतो.

टिळकवाडी_आरपीएम
पिशवीत कसा? डबा आहे ना? डब्यात कूलर येतो त्याच्याबरोबर.

संकेश्वर_डीटीपी
डबा नाही. प्लास्टिकच्या पारदर्शक खोक्यात नुसता प्रोसेसर आहे. जुन्या आय३ चा पंखा बसेल ना?

टिळकवाडी_आरपीएम
नाही. इंटेलचा पंखा एएम४ ला बसत नाही, भोकांचं अंतर वेगळं. शिवाय जुनं मशीन चालू ठेवायचंय, त्याचा पंखा काढून कसं चालेल? एएम४ चा कूलर यादीत घाला. सुटा प्रोसेसर आहे म्हणजे वॉरंटी विकणाऱ्याकडेच राहते, तेव्हा भावाला एस. पी. रोडचं बिल जपून ठेवायला सांगा आणि त्याचा फोटो मागवून घ्या. या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, सुट्टा पिशवीत टाकू नका, त्याच खोक्यात उलथापालथ न होता न्या. निघण्याआधी उजेडात धरून चारही बाजूंनी पिनांच्या ओळी सरळ दिसतात का बघा. दुकानात बोर्डावर बसवून, कूलर लावून, बायोसच्या पानावर ५६००जी आणि १६ जीबी दोन्ही लिहिलेलं दिसलं की मगच पैसे द्या.