बँड ६ घेतला तर पगार कमी होतोय, काय करावं?

प्रेषक: मेघा, कोव्हेंट्री

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या धाग्यात घुसवायला नको म्हणून वेगळी मेल टाकतेय. मी एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) मेडिकल वॉर्डवर नर्स आहे, बँड ५ च्या, म्हणजे पगाराच्या पाचव्या श्रेणीच्या, शेवटच्या पायरीवर. आमच्याच ट्रस्टमध्ये (हॉस्पिटलं चालवणारी एनएचएसची संस्था) डायबिटीस स्पेशालिस्ट नर्सची बँड ६ ची जागा निघालीय. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. ज्याला त्याला विचारलं तर 'घे घे' म्हणतात, पण हिशेब मांडला की हातात येणारे पैसे कमीच दिसतात. त्यात घराचा हप्ता. शिवाय माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा आहे, बीएस्सी नाही. या वाटेनं कुणी गेलंय का?
मेघा

प्रेषक: सुनंदा, लेस्टर

मेघा, हिशेब चुकलेला नाही तुझा. इंग्लंडचे २०२५-२६ चे आकडे घे. बँड ५ ची शेवटची पायरी ३७,७९६ पौंड, बँड ६ ची पहिली ३८,६८२. फरक वर्षाला ८८६, म्हणजे महिन्याला पाऊणशेसुद्धा नाही, तोही कर कापायच्या आधी. आणि सोडायचं काय? नाइट नि शनिवारचे ३० टक्के जादा, रविवार नि बँक हॉलिडेचे ६० टक्के. तुझ्या पायरीवर साडेअकरा तासांच्या एका नाइटमागे साधारण पासष्ट पौंड जास्त मिळतात. महिन्याच्या दोन नाइट्सनी अख्खी बढती खाल्ली! एचआरवाले हे स्वतःहून कधी सांगत नाहीत.

पण बँड ५ मध्ये तुझ्या पायऱ्या संपल्या. आता सरकार दरवर्षी देईल ती वाढ, बाकी काही नाही. बँड ६ मध्ये दोन वर्षांनी ४०,८२३ आणि पाच वर्षं भरली की ४६,५८०. मधली तीन वर्षं पगार जवळजवळ हलत नाही, तेव्हाच माणसं कंटाळून परत वॉर्डवर जातात. त्याच काळात व्ही३०० हा कोर्स कर, म्हणजे औषधं लिहून द्यायचा अधिकार मिळतो. एनएमसीची (इथल्या नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी होऊन एक वर्ष झालेलं असलं की अर्ज करता येतो. डायबिटीसमध्ये तो नसेल तर इन्सुलिनचा डोस तू ठरवायचा आणि सहीसाठी डॉक्टरांच्या मागे धावायचं. बँड ७ (सुरुवात ४७,८१०) च्या बऱ्याच क्लिनिकल जाहिरातींत तो मागतातच.

जीएनएमचं म्हणशील तर पुढचं शिक्षण डिग्रीच्या पातळीवरचं असतं. काही युनिव्हर्सिट्या आधी टॉप-अप, म्हणजे डिप्लोमावरून डिग्री करायचा कोर्स, करायला सांगतात. ते आत्ताच सुरू कर, बँड ७ ची जाहिरात आल्यावर नव्हे.

आणि हो, अजून स्पॉन्सर्ड व्हिसावर असशील तर थांब. वॉर्ड नर्स आणि स्पेशालिस्ट नर्स यांचे व्यवसाय-कोड आता वेगळे आहेत. कोड बदलला तर ट्रस्ट तीच असूनही व्हिसा आधी अपडेट करावा लागतो.

माझं मत विचारशील तर घे. महिन्याला एखादी रविवारची बँक शिफ्ट (ट्रस्टमधलीच जादा, ऐच्छिक ड्युटी) करून पहिलं वर्ष काढता येतं.
सुनंदा

प्रेषक: प्रसाद, डर्बी

सुनंदाताई, आकड्यांबद्दल वाद नाही. पण वॉर्ड सोडला तरच पुढे गेलो, हे मला पटत नाही. मेघा, तुझ्याच वॉर्डवर ज्युनियर सिस्टरची जागा निघाली तर तोही बँड ६ च, आणि नाइट्स, वीकेंड हातचे जात नाहीत. पैशाच्या दृष्टीनं पहिली पाच वर्षं तीच वाट बरी. मी तेच केलं. रोटा लावायचा, कुणी सिक मारली की फोन करत बसायचं, ही कटकट मात्र आहे.
प्रसाद

प्रेषक: सुनंदा, लेस्टर

प्रसाद, तुझं वय पस्तीस. पन्नाशीत नाइट करून बघ, मग बोलू. आणि सिस्टरच्या पुढे काय, तर वॉर्ड मॅनेजर. तिथे बजेट नि तक्रारी. पेशंट दिसतोच असं नाही. डायबिटीसमध्ये निदान शेवटपर्यंत पेशंट समोर असतो.
सुनंदा

प्रेषक: मेघा, कोव्हेंट्री

ताई, प्रसाद, दोघांचेही आभार. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मागच्या वर्षीच झालं, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. ज्युनियर सिस्टरची जागा आमच्याकडे इतक्यात निघेलसं वाटत नाही. अर्ज भरतेय. मुलाखतीत एवढंच विचारणार, टॉप-अप आणि व्ही३०० चे पैसे ट्रस्ट देणार का आणि अभ्यासाचे दिवस ड्युटीत धरणार का. 'हो' म्हणाले तर ईमेलवर लिहून मागणार.
मेघा